पिवळी कॅसेट

१६ जानेवारी, सोलापूर

संध्याकाळी भाच्याला घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. होम मैदानावर पाळण्यांच्या रांगेपलीकडे खेळण्यांच्या दुकानात ती दिसली. व्हिडिओ गेमची पिवळी प्लॅस्टिकची कॅसेट. चिठ्ठीवर तोच आकडा, ९९९९९९९ इन १. मी तिथंच थांबलो. भाचा हात ओढत राहिला.

आमची पहिली कॅसेट याच मैदानावरची, मी पाचवीत असतानाची. नव्वद रुपये. आई विड्या वळायची. तिच्या मजुरीच्या हिशेबानं ते दोन दिवसांहून जास्तीचं काम होतं. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "किती खेळ हाईत ह्यात?" मी चिठ्ठी वाचून दाखवली. नव्याण्णव लाख, नव्याण्णव हजार, नऊशे नव्याण्णव. आईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "मोजा बघू," म्हणाली.

मी आणि ताई मोजायला बसलो. विड्यांची जुडी पंचवीसची असते, म्हणून पंचवीस नावं झाली की ताई फरशीवर खडूनं एक रेघ ओढायची. दुसऱ्या रेघेच्या आतच कळलं की नावं बदलतात, खेळ फिरून तेच येतात. कुठं मारिओ थेट पुढच्या टप्प्यावर सुरू व्हायचा, कुठं कोरी पाटी. वेगळे खेळ निघाले अकरा.

मला रडू आलं. आई म्हणाली, "अकरा तर अकरा. चांगले हाईत का?"

चांगले होते. फार चांगले होते. टँकच्या खेळात विटांनी वेढलेला तो गरुड ताई आणि मी जिवापाड राखायचो. काँट्रा नावाच्या खेळात एकाच्या जिवावर दुसरा पुढं जायचा. कॅसेटमध्ये काही साठवायची सोयच नव्हती. लोडशेडिंगला वीज गेली की सगळं पहिल्यापासून. तरी वीज आली की आम्ही पुन्हा बसायचो.

पुढं कॉलेजात असताना ती कॅसेट उघडून बघितली. आत सर्किटची हिरवी पाटी आणि तिच्यावर काळ्या रेझिनचा एक थेंब. चिपवर कुणाचं नाव नाही. आमचं मशीनही नक्कलच होतं, १५ जुलै १९८३ ला जपानात आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटरची. त्या अस्सल मशीनच्या कॅसेटला साठ पिना, आमच्याही कॅसेटला साठच. मारिओच्या पहिल्या पडद्यावर अस्सलमध्ये १९८५ आणि निन्टेंडो असं लिहिलेलं असतं. आमच्यात ती ओळ पुसलेली होती. मला खरं वाईट त्याचं वाटलं. आकडा खोटा निघाला, ते दुःख त्याच संध्याकाळी संपलं होतं. पण ज्यांनी आमचं बालपण घडवलं, त्यांची नावं आमच्यापर्यंत येऊच दिली नाहीत, हे मला अजून सलतं. आणि ते करणाऱ्यांकडूनच मी आनंदानं घेतलं, हेही तितकंच खरं. दुसरा रस्ता आमच्या घराला परवडणारा नव्हता.

आईच्या विड्या ज्या कागदात जायच्या, त्याच्यावरही तिचं नाव नसायचं.

मारिओची धून आईला पाठ झाली होती. पानं कापताना, दोरा गुंडाळताना ती तीच गुणगुणायची. खेळ कधी खेळली नाही.

आज जेवण झाल्यावर तिला सांगितलं, "ती धून कोजी कोंदोनं बांधली. तेव्हा चोवीस वर्षांचा होता तो."

तिनं नाव दोनदा म्हणून बघितलं. कोजी कोंदो. मग विचारलं, "हाय का तो अजून?"

"हाय की. १९६१ चा जन्म."

"मग माझ्याहून दोन वर्षांनी लहान," म्हणाली, आणि अंथरूण घालायला उठली.