गळ माळ्यावर आहे

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. प्रश्न नेहमीचाच: "गळ टाकणं सोडलंत ना? मग पोरांना घेऊन त्या ओसाड तळ्यावर रात्र काढायला जाता कशाला?" भिशीत विचारतात, लग्नात विचारतात. सासूबाईंचा त्याला जोडप्रश्न असतो: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून घरात मांडीभर पाणी आलं, तरी तुमची पाण्याची हौस फिटली नाही का? त्यांना मी उलट बोलत नाही. त्यांचे लग्नातले फोटो त्या पाण्यात गेले.

शहरातल्या फुटाळा तलावावर जा म्हणता. जातो की. पण तिथे माणसं तळ्याकडे पाठ करून कणसं खातात. तोतलाडोह धरणावर गळ टाकायचं नावच नको, ते पेंच राष्ट्रीय उद्यानातलं पाणी. म्हणून हिंगण्याच्या पलीकडचं हे तळं. नाव लिहीत नाही, तुमचे दहा ग्रुप तिथे डीजे घेऊन पोचतील.

सोडलं का, ते सांगते.

होळीच्या आधीचा शनिवार होता. गोवऱ्यांवर रोडगे लावले होते, वांग्याची भाजी शिजत होती. धाकटा चिखलात. लेकीच्या गळाचा थर्माकोलचा तुकडा बुडाला आणि ती किंचाळली. कतला निघाला, दोन किलोचा. तिचा पहिला मोठा मासा. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं, मी फोटो काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, उघडत नाही.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा सायकल ढकलत आला. "लागली का मासोळी?" आम्ही हसलो. तो हसला नाही. "तळं आमच्या मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलं हाये जी. बीज आम्ही सोडलं, पैसे देऊन."

नवरा म्हणाला, "अरे, माहीतच नव्हतं."

आणि लेक म्हणाली, "बाबा, तो बोर्ड आहे ना, आपण त्यालाच तर गाडी लावली."

कोणी काही बोललं नाही. भाजी खाली लागत होती, वास येत होता, तरी मी उठले नाही. नवऱ्याने खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली, पोलिसाला देतात तशी, घडी घालून. म्हाताऱ्याने ती उलगडली. सायकलच्या पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढला, कतला टांगला, दोनदा पाहिला. "दोन किलो. एकशे साठच्या भावानं तीनशे वीस." आणि एकशेऐंशी रुपये मोजून परत दिले. सुटे कमी पडले तर दहाच्या नोटा शोधत बसला. आम्ही त्याला चिरीमिरी देऊ पाहिली, त्याने त्याची विक्री करून टाकली. तो ओरडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, आणि आज हे लिहायची वेळ आली नसती.

लेकीने मासा खाल्ला नाही. मी खाल्ला. चांगला झाला होता.

त्याआधी मी तुम्हालाच काय काय सांगायची: मुलं धीर शिकतात, निसर्गाने दिलेलं घेतात. कसलं निसर्गाने दिलेलं! कतला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून तळ्यात सोडावी लागतात. आम्ही कोणाच्या तरी वावरातली तूर उपटत होतो. वावर असतं तर कळलं असतं. पाण्याला धुरा, म्हणजे शेताचा बांध, दिसत नाही. (बोर्ड दिसतो. माहीत आहे.)

आता माझी बाजूही ऐका. एका गळाने संस्था बुडत नाही. शहरातले लोक तिथे बाटल्या फोडून जातात, त्यांना कोणी काटा दाखवत नाही. आणि परवानगी मागायला आम्ही पुढच्याच महिन्यात गेलो होतो. म्हातारा म्हणाला, "तुम्ही टाका जी गळ, लेकरं आहेत." तेव्हापासून नवऱ्याने टाकलेला नाही. मी विचारलं तर म्हणतो, खांदा दुखतो.

मग जातो कशाला? पहाटे संस्थेची माणसं ट्यूबवर बसून जाळी काढायला येतात, लेक काठावर उभी राहून मासे मोजते. धाकट्याला रोडग्याची राख फुंकायला आवडते. मला तंबूत झोप लागते, घरी लागत नाही. पटलं तर पटलं.

हा पश्चात्ताप आहे म्हणाल, तर तसंही नाही. आम्ही चांगले झालो असतो, तर म्हाताऱ्याला पाहून नवरा गाडीमागे कशाला गेला असता?

गेल्या रविवारी लेकीने विचारलं, माझा गळ कुठे आहे? मी म्हटलं, माळ्यावर, पण शिडी शेजाऱ्यांनी नेली आहे. शिडी आमच्याच गच्चीत उभी आहे. ती संध्याकाळी गच्चीवर खेळायला गेली, आणि खाली आल्यावर त्याबद्दल काहीच बोलली नाही.