बटण न दाबता लागणारा दिवा

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या सत्रात सरांनी मला प्रोजेक्ट दिला: चेतापेशीतला नॉइज, म्हणजे तिच्या विजेतले बेभरवशाचे हेलकावे. प्रत्यक्ष पेशी हाताळायची सोय नव्हती, म्हणून सगळं सांगलीतल्या घरी, लॅपटॉपवर.

आधी चेतापेशीच्या व्होल्टेजची, हॉजकिन आणि हक्स्ली यांची 1952 ची समीकरणं जशीच्या तशी घातली. बाहेरून करंट शून्य. पडद्यावर उणे 65 मिलिव्होल्टची रेघ, आयर्विन पुलाखालच्या उन्हाळ्यातल्या कृष्णेसारखी निवांत. पण ती समीकरणं सरासरीची. खरं एकेक आयन चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं आयन ये-जा करायचं दार, उघडं तरी असतं नाहीतर बंद, आणि कधी उघडेल ते फक्त संभाव्यतेतच सांगता येतं. नेहर आणि साकमन यांनी 1976 मध्ये एकट्या चॅनेलचा पिकोअँपिअरमधला करंट टिपला, तेव्हा त्यात अशाच चौकोनी पायऱ्या दिसल्या. मी सोडियम चॅनेलच्या आठ आणि पोटॅशियमच्या पाच अवस्था लिहिल्या, दर चौरस मायक्रोमीटरला 60 आणि 18 चॅनेल धरली आणि सगळं रँडम आकड्यांच्या हवाली केलं.

पहिल्याच रात्री प्रोग्रॅम अडकला. संभाव्यता 2.4, म्हणजे एकाच्याही वर! वेळेचा टप्पा 0.1 मिलिसेकंद ठेवला होता; स्पाइकच्या, म्हणजे पेशीच्या विजेच्या ठोक्याच्या, माथ्यावर सोडियमचं दार इतकं चपळ असतं की तेवढाही टप्पा फार मोठा पडतो. 0.01 केला, गाडी सुरू.

मग नवीनच भानगड. आवरणाच्या 10 चौरस मायक्रोमीटरच्या तुकड्यात करंट शून्य असूनही स्पाइक येत होते. तीन दिवस मी चूक शोधली, चिन्हं तपासली, एकेक ओळ कागदावर सोडवली. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. जेवताना म्हणाले, "म्हंजे बटण न दाबताच दिवा लागतोय म्हण की."

शेवटी तुकडाच मोठा करून बघितला: 100, मग 1000. स्पाइक विरळ होत गेले. कोडमधली चूक काही चॅनेल मोजून वागत नाही. शंभरपट चॅनेल असली की सापेक्ष हेलकावा दहावा हिस्सा उरतो, वर्गमुळाच्या हिशोबाने. छोट्या तुकड्यात मात्र 600 सोडियम चॅनेलांपैकी दोन-चार योगायोगाने एकदम उघडली की व्होल्टेज वर सरकतं, त्याने आणखी उघडतात, आणि पुढे ते आवरत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "मग मेंदूतले अ‍ॅक्सॉन आणखी बारीक का नाहीत?" अ‍ॅक्सॉन म्हणजे चेतापेशीचा निरोप वाहून नेणारा तंतू. फैझल, व्हाइट आणि लॉफलिन यांनी 2005 मध्ये हेच मांडलंय: त्याचा व्यास साधारण 0.1 मायक्रोमीटरच्या खाली गेला की फुकटचे स्पाइक इतके वाढतात की खरा निरोप त्यात हरवतो. मी ते वाचलेलं होतं, पण तोंडातून बाबांचा दिवाच बाहेर पडला. मॅडम हसल्या आणि वर्गमूळ फळ्यावर सोडवून दाखवायला लावलं.