स्वीडनने पोरांच्या हातात परत पुस्तक दिलं, आणि आपण टॅब घ्यायला निघालोय

आम्ही स्वीडनला राहतो. लेकाच्या इथल्या शाळेतून मेसेज आला की यंदा गणित आणि स्वीडिश दोन्ही छापील पुस्तकातून शिकवणार, क्रोमबुक, म्हणजे शाळेचा छोटा लॅपटॉप, टीचर सांगतील तेव्हाच बाहेर काढायचा. मला खरंच धक्का बसला. हा तोच देश आहे जिथे 2019 पासून बालवाडीच्या अभ्यासक्रमातच डिजिटल साधनं वापरायची असं लिहिलेलं होतं.

झालं असं की चौथीच्या मुलांची वाचनाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, पर्ल्स नावाची, त्यात स्वीडनचे 2016 ला 555 गुण होते ते 2021 ला 544 वर आले. युरोपच्या सरासरीपेक्षा अजूनही वरच! पण इथे त्यावरून जोरात चर्चा झाली. वैद्यकशास्त्राचं नोबेल ठरवणाऱ्या करोलिन्स्का इन्स्टिट्यूटने 2023 मध्ये सरकारला लेखी कळवलं की लहान मुलांचं शिकणं छापील पुस्तकं आणि शिक्षक यांच्यावर उभं राहायला हवं. सरकारने त्याच वर्षी पुस्तकांसाठी 68.5 कोटी स्वीडिश क्रोनर काढले आणि जुलै 2024 पासून तर पाठ्यपुस्तक मिळणं हा मुलांचा कायद्याने हक्कच झाला. देशाचं आधीचं धोरण चुकलं असं सरकारने उघडपणे म्हणायचं आणि वर पैसेही द्यायचे, ह्याचं मला फार कौतुक वाटतं.

काही लोक घसरणीचं खापर आमच्यासारख्या घरांवर फोडतात, की ह्यांच्या घरी स्वीडिश बोलत नाहीत म्हणून. ह्याचा मला राग येतो. माझा लेक घरी मराठी बोलतो आणि शाळेत स्वीडिश धडाधड वाचतो, एका भाषेने दुसरीचं काही बिघडत नाही.

पुस्तक घरी आलं तेव्हा मी त्याला खाकी कव्हर घातलं. पुस्तक शाळेचंच, वर्ष संपलं की परत द्यायचं, आतल्या पानावर आधी वापरलेल्या मुलांची नावं, त्याखाली लेकाने स्वतःचं लिहिलं. धडा वाचताना तो आता बोट ठेवून मागच्या पानावर जातो, आधी काय झालं ते परत बघतो. टॅबलेटवर तो असं कधीच करायचा नाही, सरळ पुढे सरकवायचा.

आणि इकडे पुण्याहून ताईचा फोन, की भाच्याच्या शाळेने पाचवीपासून टॅब कंपलसरी केलाय, शाळेकडूनच घ्यायचा, बाहेरचा चालणार नाही, पैसे फीमध्ये धरलेत, आणि वर्गातलं पुस्तकांचं कपाट काढून तिथे चार्जिंगची जागा केलीय. हे ऐकून माझं डोकंच फिरलं! टॅब द्या ना, कोण नाही म्हणतंय, पण कपाट का हलवलं? ताई म्हणाली, अगं तुमच्याकडे सगळं आधीच मिळतं म्हणून तुला बोलायला सोपं. तसं नाहीये. इथे मोठ्या वर्गांत क्रोमबुक आहेतच आणि राहणारेत, शाळांनी ते फेकून दिलेले नाहीत, फक्त लहान मुलांच्या बाबतीत आधी पुस्तक हा क्रम परत आणला.

आणि आपल्याकडे तर ह्याचं उत्तम उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावरच क्यूआर कोड छापले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही कोड आले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, 10 लाख डॉलरचा, त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकले. ऑफिसातले लोक मला विचारतात की भारतातल्या शाळांत कॉम्प्युटर असतात का, तेव्हा मी हेच सांगते, अगदी अभिमानाने. पुस्तक हातात ठेवून त्याला व्हिडिओ जोडायचा, फोन नसेल तरी धडा वाचता येतोच, ही अक्कल आमच्या झेडपीच्या शाळेत आधीच होती.

आम्ही इथे राहिलो ते लेकाच्या शिक्षणासाठी, आणि तो निर्णय बरोबर होता असं मला आता जास्तच वाटतं. ताईची शनिवारी पालक मीटिंग आहे. मी तिला सांगितलंय, टॅबच्या पैशांवरून भांडू नकोस, तिथे एवढंच विचार की कपाटातली पुस्तकं कुठे ठेवलीत आणि मुलांना ती कधी मिळणार, आणि उत्तर लेखी माग.