ला सिओताच्या फलाटावर

फ्रान्समधल्या मार्सेयच्या सँ-शार्ल स्थानकातून तुलाँकडे जाणारी लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात ला सिओता येतं. समुद्र आणि गोदी बऱ्याच लांब. स्थानक गावाबाहेर आहे. बरोबर उतरलेली मंडळी बसकडे निघाली, मी मात्र फलाटावरच थांबले. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंपैकी लुईने गाडीच्या आगमनाचं चित्रण केलं ते इथेच.

फिल्म सतरा मीटर, खेळ जेमतेम पन्नास सेकंदांचा. फोनवर तो पुन्हा लावला आणि समोरच्या रुळांशी ताडून पाहिला. सगळी करामत कॅमेऱ्याच्या जागेत आहे! तो फलाटाच्या कडेजवळ, रुळांकडे तिरका उभा. त्यामुळे दूरचा काळा ठिपका बघता बघता इंजिन होतो आणि डावीकडून चौकटीबाहेर जातो. कॅमेरा तसूभरही हलत नाही. मग दारं उघडतात, बायका पोरांना सावरत पुढे होतात, कुणी डबा शोधत धावतं. या गर्दीत ल्युमिएरांच्या घरचेही आहेत. त्यांचा बंगला याच गावात होता. मला इंजिनापेक्षा ही धांदलच जास्त आवडते.

पडद्यावरची ही गाडी अंगावर येतेय असं वाटून प्रेक्षक घाबरून पळाले, ही गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते. इतिहासकारांना तिचा त्या काळातला भक्कम पुरावा सापडलेला नाही. मुंबईकर तर नक्कीच घाबरले नसावेत. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचा खेळ झाला, तिकीट एक रुपया, आणि त्यात गाडीचं आगमनही होतं. पण बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ पासून धावत होती. इंजिनाचं अप्रूप कुणाला असणार? अप्रूप होतं ते येऊन गेलेली गाडी हवी तेव्हा पुन्हा आणता येण्याचं. मुंबईतले ते खेळ पाहून सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली.

दुपारी बसने गावात उतरून एदेन थिएटर गाठलं. १८९९ मध्ये इथे ल्युमिएरांच्या फिती दाखवल्या गेल्या. पुढे बंद पडलेली ही वास्तू दुरुस्त होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडली. आत बसले आणि काळाघोड्याची वॉटसनची मोडकळीला आलेली लोखंडी इमारत आठवली. तिथेही एक दालन असं नीट करावं आणि तीच गाडी पुन्हा पडद्यावर आणावी, असं फार मनापासून वाटतं.