स्टॉकहोमचा एक दिवस, एका तिकिटात जास्तीत जास्त

आजचा दिवस स्टॉकहोमचा. रोख पैसे बदलून आणू नका, बरीच दुकानं नोटा घेतच नाहीत. मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे बँकेचं कार्ड टॅप केलं की ७५ मिनिटांचं तिकीट. गाडी बदलताना मात्र तेच कार्ड लावा. आधी फोन आणि मग कार्ड लावलंत, तर नवं तिकीट कापलं जातं. स्लुसेनहून युरगॉर्डन बेटावर जाणारी ८२ नंबरची फेरीबोटही याच तिकिटात. वेगळी बोटसफर कशाला?

बेटावर वासा संग्रहालय चुकवू नका. १६२८ मध्ये वासा हे युद्धजहाज पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं. वरचा भाग जड, तळाशी वजन अपुरं. वाऱ्याने कललं आणि तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी आत! बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही, म्हणून १९६१ मध्ये ते जवळपास अख्खं वर आलं. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट ठेवा.

परतताना मेट्रोच्या निळ्या मार्गिकेवर टी-सेंट्रालेन आणि कुंगस्ट्रेडगॉर्डन ही रंगवलेल्या कातळातली स्थानकं बघा. तिकीट तेच, त्याची ७५ मिनिटं संपली नसतील तर.