टँकरच्या वर्षातही आमची साईट चालू होती

आमची फर्म लातूरची. पार्टनर म्हणजे माझे सख्खे मामा, मूळचे फिटर, म्हणजे सळई कापून-वळवून बांधणारे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवर त्यांनी काम केलेलं, त्यामुळे कॉलम-बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक 135 अंशात वळवला नसेल तर अजूनही सगळी रिंग काढायला लावतात. बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांबीची कापायची त्याची यादी, मामा स्वतः काढायचे, 12 मीटरच्या सळईतून आधी लांब तुकडे, मग उरलेल्यातून डावेल (जोडाच्या सळया) आणि चेअर (वरची जाळी उचलून धरणारे तुकडे). आमच्या साईटवर भंगारवाला आला की तोंड पाडून जायचा.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2016 चं सांगतो. मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, एप्रिलमधली पहिली गाडी 5 लाख लिटर घेऊन आली आणि घरोघरी लोक घागरी मोजून पाणी वापरत होते, अशात क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट पक्कं व्हायला ओलं ठेवण्यासाठी, स्लॅबवर आळी करून पाणी भरायचं कुणाच्या मनाला पटेल? लोक म्हणाले काम बंद ठेवा. आम्ही गोणपाट भिजवून वर प्लास्टिक अंथरलं, कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळलं, भिंतीला एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंट ब्लॉक) आणि पातळ जोडाचा मसाला घेतला ज्याला क्युरिंग लागत नाही, आतून जिप्सम, त्यालाही नाही. ज्या कॉलमवर पुढे प्लास्टर येणार तिथे क्युरिंग कंपाउंड (ओल उडू नये म्हणून मारायचं रसायन) मारू नका, प्लास्टर धरत नाही. आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर उन्हाळ्यात क्युरिंग 14 दिवस हवंच, टँकर महाग झाला म्हणून 7 दिवसांवर आणू नका.

तरीही बुडता बुडता वाचलो. एका बिल्डरने आमचं रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले पैसे, अडकवलं, लेबर पुण्याला निघून गेलं, नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि शनिवारचा पगार कशात द्यायचा हा प्रश्न. मिक्सर विकायला काढला होता. तेव्हा आमचे जुने गिऱ्हाईक, शाळेतून रिटायर झालेले एक सर, त्यांनी वरच्या मजल्याचं काम दिलं आणि सिमेंटचे पैसे चेकने आधीच दिले, म्हणाले तुमच्या साईटवर मला कधी ढिगारा दिसला नाही. त्या कामावर मामांनी भिंतीवर फळा लावला. दर शनिवारी गवंडी, प्लंबर, वायरमन, सेंट्रिंगवाला सगळे समोर उभे, पुढच्या आठवड्यात कोण काय करणार ते ज्याने त्याने स्वतः बोलायचं, झालं नाही तर का नाही ते लिहायचं. जेवणाच्या सुट्टीआधी माल कालवायचा नाही, नाहीतर घमेल्यातच सेट होतो. पाईप टाकल्याशिवाय स्लॅब नाही.

याला लीन कन्स्ट्रक्शन, म्हणजे काही वाया न घालवता बांधणं, म्हणतात आणि फळ्याला लास्ट प्लॅनर, हे नंतर पुण्याच्या सेमिनारमध्ये कळलं. टोयोटाच्या कारखान्यातली ही पद्धत बांधकामात आणायचा विचार फिनलंडचे संशोधक लौरी कोस्केला यांनी 1992 मध्ये मांडला होता, ऐकून मामांना फार आनंद झाला.

आता ज्याचा अजून राग येतो ते. आमच्याच शहरातल्या एका फर्मच्या इंजिनिअरने सरांच्या घरी येऊन फळ्याचा फोटो काढला, तोच फोटो त्यांच्या ब्रोशरवर आला, वर ग्रीन बिल्डिंग असं मोठ्या अक्षरात. एका होस्टेलच्या कामाला आम्ही दोघे होतो, ते त्यांना मिळालं. गच्चीवर सोलर लावलं, छान. पण कंड्युट (वायरचे पाईप) विसरले म्हणून ब्लॉकच्या नव्या भिंती फोडल्या आणि डेब्रिज रात्री नाल्यात टाकलं, तेही बांधकाम कचऱ्याचे नियम मार्च 2016 मध्ये येऊन गेलेले असताना. जी भिंत दोनदा बांधली तिचं सिमेंट दोनदा भट्टीतून आलं, त्याचा धूर सोलरने कसा भरून निघेल सांगा. सर्टिफिकेट घ्यायला आमची ना नाही, लहान इमारतींसाठी स्वगृह रेटिंग आहे, जरूर घ्या, पण आधी साईटवर मागच्या बाजूला जाऊन ढीग बघा आणि कॉन्ट्रॅक्टरला विचारा की ब्लॉक 600 मिमीचा आहे तर खिडकीची जागा त्या हिशोबात का नाही काढली. कापलेल्या ब्लॉकचे पैसे तुम्हीच देता.

सध्या सरांच्या मुलीच्या घराचं काम औसा रोडला चालू आहे. प्लिंथ (जोतं) झाली. फळा तोच आहे, आता मामांचा नातू लिहितो, आणि त्याचं अक्षर मामांपेक्षा चांगलं आहे.