चौकटीच्या वहीतला कागद

शुक्रवार, रात्र

तो कागद मी वाचायला नको होता.

पाचवा तास. बाकीची मुलं मूल्यशिक्षणाला गेली, आमची बावीस ख्रिस्तशिक्षणाला थांबली. पहिल्या कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, तीन आठवडे उरलेत. विवेकतपासणी करून आपापली पापं कागदावर लिहा, कुणाला दाखवू नका, असं मीच सांगितलं होतं. तास संपल्यावर बाकाखाली घडी पडलेली दिसली. गृहपाठ असेल म्हणून उघडली. गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान, पेन्सिलीनं एक ते चार आकडे. चौथ्यावर रबर घासून घासून कागद पातळ झालेला. ‘पश्चातापाची प्रार्थना येत नाही. नुस्ते ओठ हलवतो. टीचरनी चित्र दिलं ते घेतलं.’

मरियामातेचं ते चित्र मीच दिलं होतं त्याला, गेल्या आठवड्यात, सगळ्यांसमोर. किती मन लावून म्हणतो बघा, असंही म्हटलं होतं.

अकरा वर्षं शिकवतेय. रविवारी चर्चमधली उपासना, मिस्सा, झाल्यावर धर्मशिक्षणाचा वर्ग, आठवड्यात हे तास, एप्रिलमध्ये शिबिर. घरचे म्हणतात, पगार तोच, मग एवढं कशाला. आणि हाती काय, तर माझ्यासमोर ओठ हलवणारं मूल. घरी येईपर्यंत हेच डोक्यात. सिस्टरांना सांगावं वाटलं, पण सांगायचं तर त्या मुलाचं पाप सांगावं लागलं असतं.

वाचायला नकोच होता. कन्फेशनमधलं गुपित फादर मरेपर्यंत उघड करत नाहीत हे मी मुलांना डोळे मोठे करून सांगते, आणि कन्फेशनच्या आधीच मी वाचून मोकळी.

पालकसभेत मी दरवर्षी सांगते, पूर्वी कम्युनियनला, म्हणजे मिस्सात प्रभूची भाकर घ्यायला, मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबायची, १९१० साली पोप दहावे पायस यांनी ते वय सातच्या आसपास आणलं. साधी भाकर आणि प्रभूचं शरीर यातला फरक कळला की पुरे. त्या वयात बरंवाईट कळतं हे त्यात धरलेलंच आहे. ह्याला कळलं की. चित्र घेताना हात पुढे केला होता, पण मान खाली होती. मला वाटलं, लाजतोय.

आजी आठवली. तिच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये. ‘आवे मारिया’ ती एका दमात म्हणायची, अर्थ एका शब्दाचा ठाऊक नाही. साठच्या दशकात चर्चची व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा ती रडली होती म्हणे. कशानं, ते कधी विचारलंच नाही. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, कारण लोकांना ती आपल्या भाषेत हवी होती. आणि मी वसईतल्या पोरांना, जी घरी आमच्या कादोडी बोलीशिवाय बोलत नाहीत, ‘पश्चात्ताप’ फळ्यावर लिहून पाच वेळा म्हणायला लावते. अर्धी मुलं ‘पच्चाताप’ म्हणतात. मी उच्चार सुधारते. येतोय का, एवढंच ऐकते.

तरी मघापेक्षा बरं वाटतंय. त्यानं ते लिहिलं. रबरानं घासलं, आणि पुन्हा लिहिलं. प्रार्थना येत नसेल, पण ती ज्याच्यासाठी म्हणायची ते त्याच्याकडे आहे.

कागद मी त्याच्या वहीत, त्या चित्राच्या मागे ठेवून दिला. त्यानं पाहिलं का, कळलं नाही.

जेवणानंतर ओट्यापाशी उभी राहून ती प्रार्थना आमच्या बोलीत म्हणून बघत होते. ‘पश्चात्ताप’पाशी अडले. भांडी लावता लावता आईनं विचारलं, काय पुटपुटतेस. सांगितलं. तिनं बोलीत जे म्हटलं ते मराठीत लिहायचं तर, ‘माझ्या जिवाला लागलंय म्हण.’

लिहून घेतलं, पेन्सिलीनं. सोमवारी फळ्यावर आधी हेच.